परकीय भाषेचा वर्ग आणि प्रत्येकाची गती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. माध्यमिक शाळेत फ्रेंच, जर्मन, जपानी किंवा स्पॅनिश शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण मिळावे, असे आता सगळीकडे सांगितले जाते. पण हे वर्गात उतरवायचे कसे, हा प्रश्न शिक्षकांना आणि पालकांना पडला आहे, आणि मला विशेष समाधान याचे वाटते की तो खुद्द विद्यार्थ्यांनाही पडला आहे. त्यांतील पाच पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळून, येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः बरीच वर्षे माध्यमिक वर्गांना जर्मन शिकवले, त्यामुळे उदाहरणे त्या भाषेतील अधिक आली आहेत.

प्रश्न : मी नववी आणि दहावीला जर्मन शिकवते. एका वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत. काहींनी ही भाषा तीन वर्षांपूर्वी घेतली, काहींनी गेल्या वर्षी सुरू केली. आम्हांला ‘पर्सनलाइज्ड लर्निंग’ राबवण्याची सूचना मिळाली आहे. चाळीस मुलांसाठी चाळीस पाठ तयार करणे मला शक्य नाही. मी नेमके काय करावे?

उत्तर : चाळीस पाठ तयार करण्याची अपेक्षा कोणी ठेवत असेल, तर ती अपेक्षाच चुकीची आहे, आणि समजा ते आपल्याला शक्य झाले असते, तरी मी तसे करू नका असेच सुचवले असते. भाषा दोघांच्या मध्ये घडते. गणिते एखादा मुलगा एकटा बसून सोडवू शकतो, परंतु ‘काल तू का आला नाहीस?’ असे विचारायला समोर कोणीतरी लागते, आणि उत्तर ऐकण्याची खरी उत्सुकताही लागते. चाळीस मुले चाळीस वेगळे पाठ घेऊन बसली, तर त्यांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरत नाही. म्हणून विषय, मजकूर आणि अंतिम अपेक्षा सर्वांसाठी एकच ठेवावी. त्या अपेक्षेपर्यंत पोहोचताना मिळणारा आधार, लागणारा वेळ, करावयाची निवड आणि शिक्षकाकडून मिळणारा प्रतिसाद या गोष्टी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या असू द्याव्यात.

या सूचनेच्या मुळाशी काय आहे, हे थोडे सांगतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक लेख प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक मिळाला आणि एक भाग पक्का झाल्यावरच पुढे जायचे असे ठरवले, तर असा सामान्य विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, असे त्यांनी त्यात मांडले होते. पुढील अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा आढळला नाही; फायदा दिसला, पण बराच कमी. ब्लूम यांचा खरा प्रश्न मात्र वेगळा होता. प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक देणे समाजाला परवडणारे नाही, तेव्हा तसाच परिणाम सामूहिक वर्गात कसा साधता येईल, हे त्यांना शोधायचे होते. आपल्यासमोर असलेला प्रश्न तोच आहे.

गतीतील फरकाकडे दुर्लक्ष का करता येत नाही, याचा उत्तम दाखला जर्मनच्याच अभ्यासातून मिळतो. मान्फ्रेड पीनेमान या भाषावैज्ञानिकाने १९८४ साली जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांविषयीचे निष्कर्ष मांडले. जर्मन वाक्यातील पदक्रम शिकणारे विद्यार्थी ठरावीक पायऱ्यांनी चढतात. आधी ‘इश गेहे होइटे’, म्हणजे ‘मी जातो आज’, असा सरळ क्रम येतो. मग ‘आज’ हा शब्द आरंभी येतो, पण क्रियापद जागचे हलत नाही आणि ‘होइटे इश गेहे’ असे चुकीचे वाक्य तयार होते. त्यानंतर, क्रियापद दोन भागांत येत असेल तेथे, त्याचा दुसरा भाग वाक्याच्या शेवटी न्यायला विद्यार्थी शिकतो. मगच ‘होइटे गेहे इश’ ही कर्त्याची आणि क्रियापदाची अदलाबदल साधते, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी टाकणे सर्वांत उशिरा जमते. पीनेमान यांना असे दिसले की अदलाबदलीचा नियम शिकवल्यावर, जे मूल त्याच्या लगतच्या पायरीवर होते ते तो बोलण्यात वापरू लागले, आणि जे आणखी मागे होते त्याच्यावर त्या पाठाचा तसा परिणाम झाला नाही.

आपल्या वर्गात याचा अर्थ सरळ आहे. ‘होइटे इश गेहे’ असे म्हणणारी मुलगी निष्काळजी असेलच असे नाही. ती एका पायरीवर उभी आहे आणि तेथून पुढची पायरी कोणती, हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या शेजारचा मुलगा अजून ‘आज’ हा शब्द आरंभी आणतच नसेल, तर अदलाबदलीचा नियम फळ्यावर दहा वेळा लिहूनही तो त्याच्या बोलण्यात उतरणार नाही. त्याला वेगवेगळ्या गोष्टींनी वाक्य सुरू करण्याचा भरपूर सराव द्यावा लागेल, आणि त्या काळात होणारी चूक काही दिवस चालू द्यावी लागेल. हे वाचल्यानंतर मला माझ्या जुन्या वर्गांतील कितीतरी मुले आठवली, ज्यांच्या वहीत मी त्याच चुकीभोवती महिनोन्‌महिने लाल वर्तुळे काढत राहिलो होतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. प्रथम कोण कोठे आहे हे जाणून घ्या, पण त्यासाठी गुणांची चाचणी घेऊ नका. ‘गेल्या रविवारी काय केले’ यावर पाच-सहा वाक्ये पुस्तक न पाहता लिहायला सांगा, आणि आठवडाभरात प्रत्येकाशी एक-दोन मिनिटे बोलून घ्या. एका मोठ्या कागदावर डावीकडे नावे आणि वर पाच-सहा क्षमता लिहा : स्वतःची ओळख करून देतो, वेळ आणि ठिकाण विचारतो, घडून गेलेली गोष्ट सांगतो, कारण देतो, ऐकलेल्या सूचनेप्रमाणे कृती करतो. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक सामाईक चौकटीत ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पातळ्या अशाच ‘हे करता येते’ स्वरूपाच्या विधानांनी सांगितल्या आहेत. एकाच व्यक्तीची वाचनाची पातळी आणि बोलण्याची पातळी वेगळी असू शकते, हे त्या चौकटीत गृहीतच धरलेले आहे. आपला कागद भरून झाला की एक गोष्ट लक्षात येईल. वर्गाचे ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ असे दोन भाग पडत नाहीत; प्रत्येक ओळीत काही चौकोन भरलेले आणि काही रिकामे असतात.

मग एक सामाईक काम घ्या. समजा, भाड्याने खोली शोधण्याचा संवाद आहे. जोडीतील एकाजवळ खोलीचा आराखडा आहे. दुसऱ्याजवळ कोरा कागद आहे आणि त्याने प्रश्न विचारून तो आराखडा काढायचा आहे. ज्याला आधार हवा त्याला प्रश्नांच्या सुरुवाती लिहिलेले कार्ड मिळेल, ज्याला केवळ शब्द अडतात त्याला वस्तूंच्या नावांची यादी मिळेल, आणि ज्याला दोन्ही नको त्याला आणखी एक अट घालता येईल : खोलीत एक दोष आहे, तो विनम्रपणे मान्य करून तरीही खोली घ्यायला पटवायचे. काम एकच, आधार तीन प्रकारचे, आणि कार्ड घ्यायचे की नाही हे शक्यतो विद्यार्थ्यानेच ठरवायचे. जोडी जमवताना अधिक जाणणाऱ्याला कोरा कागद द्या, म्हणजे माहिती दुसऱ्याजवळ राहील आणि बोलण्याची गरज दोघांनाही सारखीच भासेल. अशी तयारी करायला एका पाठामागे फार तर एखादा तास जास्त लागतो. प्रारंभी आठवड्यातील एकच तास असा घ्या. बाकीचे तास आपण आज घेता तसेच चालू ठेवा.

चुकांना दिलेल्या प्रतिसादाविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण व्यक्तिगत शिक्षणाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग तोच आहे. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी चुकला की शिक्षक बहुतेक वेळा त्याचे वाक्य स्वतः बरोबर करून उच्चारत आणि पुढे जात. निम्म्याहून अधिक प्रतिसाद याच प्रकारचे होते. पण विद्यार्थ्याने त्यानंतर स्वतः दुरुस्ती करण्याचे प्रमाण याच प्रकारात सर्वांत कमी होते, कारण शिक्षक आपल्याला दुजोरा देत आहेत की दुरुस्त करत आहेत, हे त्याला अनेकदा उमगत नव्हते. शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून ‘मग पुढे?’ असे सुचवले किंवा नियमाची एखादी खूण दिली, की विद्यार्थी स्वतः शोध घेत. ज्याला तो नियम आता पेलणार आहे, त्याच्यापुढे असे अर्धवट वाक्य ठेवा. ज्याला अजून पेलणार नाही, त्याला बरोबर वाक्य सहज ऐकवून पुढे जाऊ द्या. चाळीसांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला दिवसभरात असा एकच क्षण आला, तरी तो खास त्याच्यासाठी असतो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत जपानी शिकते. शाळेत आता प्रत्येकाला टॅबलेट दिला आहे आणि मुले आपापल्या गतीने हेडफोन लावून सराव करतात. घरीही ती रोज अ‍ॅपवर अभ्यास करते, एकही दिवस चुकवत नाही. परंतु परवा घरी आलेल्या एका जपानी पाहुण्यांसमोर तिला एक वाक्यही बोलता आले नाही आणि ती फार हिरमुसली. हेच का प्रत्येकाच्या गरजेनुसार शिक्षण?

उत्तर : आपल्या मुलीने केलेले कष्ट वाया गेलेले नाहीत, हे तिला सर्वप्रथम सांगा. जपानीत हिरागाना आणि काताकाना या दोन वर्णमालांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत, आणि सर्वसामान्य वापरासाठी निश्चित केलेल्या कांजी चिन्हांची संख्या २,१३६ आहे. हे डोंगराएवढे पाठांतर ज्याचे त्यालाच करावे लागते, आणि त्यासाठी यंत्राची मदत खरोखर मोलाची आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले आरंभी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरले जाते, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली त्यासाठी कप्प्यांच्या पेटीची पद्धत लोकप्रिय केली : आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि कमी वेळा समोर येते, चुकलेले कार्ड पहिल्या कप्प्यात परत येते. आजची अनेक अ‍ॅप्स मुळात हेच करतात. तिची चुकणारी चिन्हे तिलाच पुन्हा दिसतात, शेजारच्या मुलाची त्याला दिसतात. एवढ्यापुरते ते शिक्षण अगदी व्यक्तिगत आहे.

पण समोरच्या माणसाशी बोलणे हे निराळे कौशल्य आहे आणि ते निराळ्याच सरावाने येते. कॅनडात शालेय विषय फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवले की कित्येक वर्षे फ्रेंच ऐकून आणि समजूनही या मुलांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या मोठ्या उणिवा राहिल्या होत्या. समजून घेताना अर्थ पुरतो; बोलताना प्रत्येक प्रत्यय निवडावाच लागतो, आणि निवडताना आपल्याला काय येत नाही हे कळते. अ‍ॅपमधील चार पर्यायांतून एक निवडताना ही अडचण उभीच राहत नाही. जपानीची सर्वांत प्रसिद्ध पातळी-परीक्षा, जेएलपीटी, हीदेखील बोलणे आणि मुक्त लेखन तपासत नाही. म्हणून प्रमाणपत्र मिळूनही तोंड न उघडणारे विद्यार्थी आढळतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

शाळेविषयी आपली शंका मला रास्त वाटते. वर्गातील तास ही अशी एकमेव वेळ आहे जेव्हा ती भाषा शिकणारी तीस-चाळीस मुले एकत्र असतात. ती वेळ हेडफोन लावून एकेकट्याने घालवणे म्हणजे जे घरी होऊ शकते ते शाळेत करणे आणि जे केवळ शाळेतच होऊ शकते ते सोडून देणे होय. पालकसभेत आपण हाच मुद्दा तक्रारीच्या सुरात न मांडता विचारणेच्या रूपात मांडा : टॅबलेटवरील सराव घरी सोपवून वर्गातील अर्धा तास तरी जोडीने बोलण्यासाठी ठेवता येईल का? घरी आपण स्वतः जपानी जाणत नसलात तरी एक गोष्ट करता येईल. दिवसभरात शिकलेल्या शब्दांतून तिने आपल्याला तीन वाक्ये जपानीत ऐकवावीत आणि मग मराठीत समजावून सांगावीत. जपानीतही क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते, आणि आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘त’ या प्रत्ययांसारखेच छोटे शब्द नामाच्या मागे लागतात. हे साम्य तिने आपल्याला दाखवून दिले, तर ते तिच्याही मनात पक्के होईल.

प्रश्न : आमच्या शाळेत एक चाचणी घेऊन मुलांचे ‘पाहून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ आणि ‘कृतीतून शिकणारे’ असे गट पाडले आहेत. स्पॅनिशच्या तासाला प्रत्येक गटाला वेगळे साहित्य द्यावे का?

उत्तर : देऊ नये. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने अधिक चांगले शिकता येते असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरे आहे, पण ‘पाहून शिकणारा’ म्हणून एखाद्याला स्पॅनिश ऐकण्यातून सवलत दिली, तर त्याला स्पॅनिश ऐकून कळणार नाही, एवढेच घडेल. ज्याला ऐकणे जड जाते त्यालाच ऐकण्याचा अधिक आणि सोप्यापासून चढत जाणारा सराव हवा आहे. ती चाचणी बाजूला ठेवा आणि कोण कोठे अडतो याची नोंद ठेवा.

प्रश्न : मुले वेगवेगळा आधार घेऊन काम करत असतील, तर गुण कसे द्यायचे? काही पालक म्हणतात की कार्ड पाहून बोलणाऱ्याला आणि न पाहता बोलणाऱ्याला सारखे गुण देणे अन्यायाचे आहे.

उत्तर : पालकांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते सरावाला परीक्षेचे नियम लावत आहेत. वर्षाअखेरची परीक्षा सर्वांना एकच असावी आणि तीत कोणाच्याही हाती कार्ड नसावे. तेथे प्रत्येकाने सामाईक अपेक्षेपुढे उभे राहायचे आहे. वर्षभरातील कामाला मात्र शक्य तेथे गुणच देऊ नयेत, असे माझे मत आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली केलेल्या प्रयोगात काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही दिले. केवळ अभिप्राय मिळालेल्यांचे काम सुधारले आणि रुचीही टिकली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. ज्यांनी वही परत दिल्यानंतरची वर्गातील पहिली दोन मिनिटे पाहिली आहेत, त्यांना हे पटेल : मुले आकडा पाहतात, शेजाऱ्याचा आकडा विचारतात आणि वही मिटतात.

अभिप्राय मात्र नेमका हवा. ‘छान प्रयत्न’ किंवा ‘व्याकरणाकडे लक्ष द्या’ यातून कोणालाच काही करता येत नाही. ‘आपण भूतकाळ चांगला वापरला आहे, आता तिसऱ्या आणि पाचव्या वाक्यात “कारण” नंतरचे क्रियापद कोठे गेले ते शोधा आणि ती दोन वाक्ये पुन्हा लिहा’ असे लिहिले, तर पुढचे काम हाती येते. प्रत्येक वेळी चाळीस वह्यांवर असे लिहिणे अशक्य आहे, म्हणून दर आठवड्याला दहा वह्या घ्या. महिनाभरात सर्वांची पाळी येते.

प्रगतीची नोंद विद्यार्थ्यानेच ठेवावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. युरोपमध्ये २००१ पासून वापरात आलेल्या भाषासंग्रहिकेचे, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः ठेवायच्या ‘लँग्वेज पोर्टफोलिओ’चे, तीन भाग आहेत : कोणत्या भाषेत काय येते हे सांगणारा ‘पासपोर्ट’, शिकण्याचा प्रवास सांगणारी चरित्रनोंद आणि निवडक कामांची पिशवी. आपल्याला एवढा व्याप करण्याची गरज नाही. एक पातळ वही पुरते. सत्राच्या आरंभी लिहिलेला उतारा आणि शेवटी त्याच विषयावर लिहिलेला उतारा समोरासमोरच्या पानांवर असला, की कार्ड पाहून बोलणारा विद्यार्थी कार्डाविना बोलू लागला की नाही, हे पालकांना गुणपत्रकापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. मग न्यायाचा प्रश्न सहसा पुन्हा विचारला जात नाही.

प्रश्न : मी दहावीत फ्रेंच शिकते. आमच्या बाई तीन रंगांच्या कामपत्रिका वाटतात आणि मला नेहमी हिरवी मिळते. हिरवी म्हणजे सोपी, हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. मला वाचलेले जवळजवळ सगळे समजते, पण बोलताना मी अडखळते आणि कोणी बोलले तर शब्द वेगळे कळत नाहीत. बाई खूप चांगल्या आहेत, त्यांना वाईट वाटू नये. मी त्यांना कसे सांगू?

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले, कारण ही चूक मी स्वतःही केलेली आहे. एका वर्गात मी सत्राच्या आरंभी तीन गट केले आणि वर्षभर ते बदललेच नाहीत. सोप्या गटातील मुले सोपेच काम करत राहिली, त्यामुळे ती सोप्याच गटात राहिली. तुझ्या बाईंचा हेतू चांगला आहे. त्यांनी बहुधा तुझे बोलणे ऐकून तुझी पातळी ठरवली आणि तीच वाचनालाही लावली. पण तुझे वाचन पुढे आहे आणि ऐकणे-बोलणे मागे आहे. म्हणजे तुला वाचनाची कठीण पत्रिका आणि ऐकण्याचा सोपा, पण पुष्कळ सराव हवा. हे तू स्वतः इतक्या नेमकेपणाने ओळखलेस, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

शब्द वेगळे का कळत नाहीत, याचे कारण फ्रेंचच्या लेखनातच आहे. ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘पार्ले’ या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ यांच्यासाठीची रूपे लिहिताना तीन वेगळ्या प्रकारे संपतात, पण उच्चार सगळ्यांचा एकच, ‘पार्ल’. शेवटची अनेक अक्षरे उच्चारली जात नाहीत, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की काही मूक व्यंजने जागी होऊन त्याला जोडली जातात. डोळ्यांनी शिकलेल्या मुलीला कागदावर दिसणाऱ्या शब्दांच्या सीमा कानाला सापडत नाहीत. तेव्हा तुला आधीच वाचून समजलेला छोटा उतारा घे आणि त्याचे ध्वनिमुद्रण मिळव. पहिल्यांदा मजकूर पाहून ऐक आणि न उच्चारलेली अक्षरे पेन्सिलने खोड, जोडलेल्या शब्दांखाली कमान काढ. दुसऱ्यांदा मजकूर झाकून ऐक. तिसऱ्यांदा आवाजाच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, स्वतः बोलत जा. नवा उतारा निवडताना एवढे पाहा की पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एखादाच असावा. आधाराविना वाचून नीट समजण्यासाठी साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असे हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसून आले होते. ऐकण्याच्या सरावालाही हे माप धरायला हरकत नाही.

बोलण्यासाठी दोन-तीन मैत्रिणी जमव. एखादा साधा विषय घे आणि तो पहिलीला चार मिनिटांत, दुसरीला तीन मिनिटांत आणि तिसरीला दोन मिनिटांत सांग. मजकूर तोच ठेवायचा आणि लिहून काढायचे नाही. पहिल्या वेळी तू पुष्कळदा थांबशील. तिसऱ्या वेळेपर्यंत काय बोलायचे याचा विचार करावा लागत नाही, त्यामुळे जीभ मोकळी होते. भाषाशिक्षणात ही पद्धत ‘चार, तीन, दोन’ या नावानेच ओळखली जाते आणि तिला साहित्य काहीच लागत नाही.

आता बाईंशी बोलण्याविषयी. रंगाची किंवा इतर मुलींची गोष्ट काढू नकोस. तुला काय येते आणि कोठे अडते तेवढेच सांग. ‘मला वाचनासाठी कठीण पत्रिका आणि ऐकण्यासाठी सोपी पत्रिका महिनाभर करून पाहता येईल का?’ असे विचार. कोणत्याही शिक्षिकेला यात टीका दिसणार नाही, उलट त्यांचे अर्धे काम तू केलेले असेल. आणि धीर झाला तर हे तीन वाक्यांचे मागणे फ्रेंचमधून कर. आदल्या दिवशी लिहून काढ, तीनदा मोठ्याने म्हण, आणि बाईंसमोर जाताना तो कागद दप्तरातच राहू दे.